बिरदेव शेवटचं काय बोलला

जयराज सतरा वर्षं सैन्यात होता आणि त्यातली पंधरा वर्षं त्याने गाडी चालवली. रेशन, रॉकेल, टपाल, सुट्टीवर निघालेले जवान, जे असेल ते डोंगरावर न्यायचं आणि डोंगरावरून खाली आणायचं. बर्फात चाकांना साखळ्या बांधून त्याने ज्या वाटांवरून गाडी काढली, त्या वाटांवर कोरेगावातली माणसं पायीसुद्धा गेली नसती. पण गावी आल्यावर कुणी विचारलं, "काय करत हुतास रं तिकडं?" की तो सांगायचा, "ड्रायव्हर हुतो." समोरचा म्हणायचा, "असं व्हय," आणि उसाच्या तोडीचं बोलायला लागायचा.

त्याच्या बायकोला, रेश्माला, ते "असं व्हय" फार झोंबायचं.

नायक म्हणून निवृत्त झाल्यावर जयराजने घरच्या उसाच्या रानाला लागून असलेल्या माळावर भरतीची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. खड्डा खणला, लटकून अंग वर ओढायचे लोखंडी बीम उभे केले, चुन्याने पळायची वाट आखली. तो शिकवायचा चांगलं. पोरांच्या आधी माळावर हजर असायचा, त्यांच्याबरोबर पळायचा, कुणाच्या टाचेला फोड आला तर स्वतः बसून पट्टी बांधायचा. पहिल्या वर्षी अकरा पोरं आली आणि त्यातली दोन भरती झाली. पण दुसऱ्या वर्षी साताऱ्याच्या रस्त्यावर दोन मोठ्या अकॅडम्या निघाल्या. त्यांच्या फलकांवर काळ्या चष्म्यातले, तोंडाला रंग फासलेले सर बंदूक धरून उभे होते. जयराजची पोरं एकेक करून तिकडे चालली.

रेश्मा लग्नाआधी कोरेगावातल्या फोटो स्टुडिओत कामाला होती. फोटो कसा कापायचा, आवाज कुठे भरायचा, हे तिला येत होतं. तिने साताऱ्यात एका हॉलमध्ये दिवसभराचं शिबिर केलं. स्वतःची ओळख ऑनलाइन कशी उभी करायची, असा विषय होता. शिकवणारा तरुण होता, भराभरा बोलायचा. तो म्हणाला, "लोक माहिती विसरतात. गोष्ट विसरत नाहीत. तुमच्याकडं गोष्ट काय आहे, ते सांगा." रेश्माने ते वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

घरी येऊन तिने जयराजच्या नावाचं पेज उघडलं. सुरुवातीचे व्हिडिओ त्याच्यासारखेच साधे होते. पळताना हात कुठे ठेवायचे, बुटाची नाडी कशी बांधायची, भरतीच्या आदल्या दिवशी काय खायचं. कामाचे होते, पण दीड महिन्यात त्रेचाळीस माणसं जोडली गेली आणि त्यातली निम्मी भावकीतली.

मग एकदा खड्ड्यावरून उडी मारून दाखवताना एका पोराने गमतीने आरोळी दिली, "कमांडो सर!" रेश्माने पेजचं नाव तेच करून टाकलं.

"आगं, मी कमांडो कुठं हुतो?" जयराज म्हणाला.

"पोरं म्हणत्यात न्हवं तुमाला? पोरांनी दिलेलं नाव लिवलंय मी. त्यात काय खोटं हाय?"

जयराजने दोन दिवस कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी चार नवी पोरं आली आणि कुरकुर थांबली. माळावर फलक लागला. जयराजचे वडील हंबीरराव हेही सैन्यातलेच, हवालदार म्हणून घरी आलेले. ते फलकाखाली बराच वेळ उभे राहिले.

"ही पदवी कुणी दिली रं तुला?"

"पोरांनी, आबा."

हंबीररावांनी टोपी सारखी केली आणि ते रानात निघून गेले. त्यानंतर माळावरून जायचं सोडून ते लांबच्या बांधाने ये-जा करू लागले. रेश्माच्या ते ध्यानात आलं होतं, पण तिने मनावर घेतलं नाही. म्हातारपणाची खोड, एवढंच तिला वाटलं.

सव्वीस जानेवारीला शाळा बोलवायला लागल्या. शाल आली, नारळ आला. ओळख करून देणारे गुरुजी आपल्या पदरचं काहीबाही घालायचे. एकाने त्याला सरहद्दीवर लढलेला वाघ केलं, विट्याजवळच्या एका शाळेत तर छातीतली गोळी काढलेला वीर केलं. पहिल्यांदा जयराजने उठून, "तसं न्हाई, मी गाडीवर हुतो," असं सांगितलं. ते ऐकून समोरच्या पोरांची तोंडं उतरली. पुढच्या वेळी त्याने दुरुस्ती केली नाही.

बिरदेवची गोष्ट निघाली ती एका रविवारी, माळावरची पोरं घरी गेल्यावर. जयराज सहज बोलत होता. त्यांच्या तुकडीत म्हसवडकडचा बिरदेव नावाचा पोरगा होता. मेंढपाळाच्या घरातला, घरातला पहिलाच सैन्यात आलेला. सगळ्यांना मेंढरांच्या गोष्टी सांगून हसवायचा. नऊ वर्षांपूर्वी चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि तो गेला. रेश्मा फोन त्याच्यावर रोखून ऐकत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जयराजचा आवाज कॅमेऱ्यासमोर जड झाला होता.

"परत सांगा," ती म्हणाली. "पर या बारीला असं सांगा, की तुमी तितं हुता."

"मी खाली हुतो तळावर. गाडीपाशी."

"ते कुणाला ठावं? तुमच्याच तुकडीतला हुता न्हवं? तुमाला दुक्क झालंच की. लोकांना तितं उभं असलेला माणूस दिसाय पायजे. तवाच ऐकत्यात."

"मेलेल्या माणसाचं हाय हे, रेश्मा."

"त्याचं नाव तरी ऱ्हाईल. न्हाईतर कोण काढतंय त्याची आठवण?"

जयराजने पायाशी असलेली चुन्याची रेघ बोटाने पुसली. मग त्याने सांगितलं. कडा कोसळल्यावर आपण हातांनी बर्फ उकरून बिरदेवला बाहेर काढलं. त्याचं डोकं आपल्या मांडीवर होतं. अर्धा तास तो बोलत होता, आणि बोलता बोलता गेला. सांगताना त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. रेश्माने एकदाच चित्रीकरण केलं. पुन्हा घ्यायची गरजच पडली नाही.

आठवड्यात बारा लाख माणसांनी ते बघितलं. रहिमतपूर, वडूज, पलूस, कुठून कुठून पोरं आली. माळावर जागा पुरेना. दळणाला गेलं तर गिरणीवाला म्हणायचा, "वयनी, सायबांचा व्हिडिओ बघून माजी आय रडली." आता कुणीच "असं व्हय" म्हणत नव्हतं. रेश्माला ते सुख इतकं नवं होतं, की ती दिवसातून चाळीस वेळा फोन उघडून बघायची. जयराज मात्र स्वतःचा तो व्हिडिओ कधी बघत नसे. कुणी समोर लावला, की पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचा.

मग एका दुपारी म्हसवडहून दोन बाया आल्या.

एक साठीच्या पुढची, हातात कापडी पिशवी घेतलेली. दुसरी तिशीतली, अंगणवाडीताईंच्या साडीतली. म्हसवडहून दहिवडीला, दहिवडीहून पुसेगावला आणि तिथून कोरेगावला, अशा एसट्या बदलत त्या आल्या होत्या. माळावर विचारत विचारत घरी पोचल्या.

"मी हरणाबाई," म्हातारी दारातच म्हणाली. "बिरदेवची आय. ही माजी सून, पल्लवी. हिनं फोनवर दावलं मला."

रेश्माने त्यांना बसायला चटई टाकली, पाणी दिलं. जयराज आतून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. हरणाबाईने पिशवीतून बाजरीच्या भाकरी आणि खर्ड्याची पुडी काढली आणि त्याच्या हातात दिली. मग त्याच हाताला धरून तिने त्याला खाली बसवलं.

"लेकरा, आमाला सायबानं सांगितलं हुतं, की लगीच गेला म्हनून. कळलं बी न्हाई त्याला म्हनं. नऊ वर्सं मी त्येच धरून हुती. आन् तू म्हंतोस अर्धा तास हुता." ती थांबली. "थंडी वाजत हुती का रं त्याला?"

जयराजने रेश्माकडे बघितलं. तेवढ्यात काही करायचं असतं तर तिला करता आलं असतं. ती नुसती उभी राहिली. तिचा फोन कोनाड्यात उभा होता, आणि तो चालू होता. बाया अंगणात शिरताना तिनेच तो सवयीने लावून ठेवला होता.

"न्हाई, आई," जयराज म्हणाला. "मी माजा कोट घातला हुता त्याच्या अंगावर."

"घातला हुतास?"

"व्हय."

"काय बोलला?"

"तुमचं नाव घेतलं त्यानं. म्हनाला, आयला सांग, मी येतोय."

हरणाबाई मान हलवत राहिली. हलवता हलवता थांबली.

"आय म्हनला?"

"व्हय."

"तो मला बाय म्हनायचा रं. लहानपनापास्नं. बायच म्हनायचा."

"बायच म्हनला," जयराज घाईने म्हणाला. "मीच आपलं आय आय करतोय."

तेव्हा पल्लवीने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. निघताना चपला घालता घालता तिने रेश्माला एवढंच विचारलं, "नऊ वर्सांत ह्यांना एकदा बी म्हसवडला यावं वाटलं न्हाई?" आणि उत्तराची वाट न बघता सासूचा हात धरून ती चालू लागली. हरणाबाई मात्र वळून वळून जयराजकडे बघत होती. जाताना तिने त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली होती.

ते सगळं फोनमध्ये होतं. म्हातारीचा हात, भाकरी, "थंडी वाजत हुती का रं." रेश्माने दोन दिवस ते तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी 'बाय'चा तुकडा तिने कापून काढला, खाली बासरीचा सूर भरला आणि ते पेजवर टाकलं. शहीद जवानाच्या आईची भेट, असं वर लिहिलं. जयराजला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळपर्यंत लोक हात जोडलेली चित्रं टाकत होते. त्यातच एक कमेंट आली. कडेगावच्या बाळासो नावाच्या माणसाची. शिवी नव्हती, आवाज चढवलेला नव्हता. 'जयराज, मी शोध घेणाऱ्या पार्टीत होतो. बिरदेव आम्हाला तिसऱ्या दिवशी सापडला. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. तू खाली गाडीवर होतास. त्याच्या आईला असं सांगू नकोस.'

रेश्माने ती कमेंट पुसून टाकली.

अर्ध्या तासात तीच कमेंट परत आली. तिने बाळासोला ब्लॉक केलं. मग दुसऱ्या कुणीतरी तीच कमेंट उचलून टाकली, म्हणून तिने भावाच्या आणि नणंदेच्या नावाने उत्तरं दिली, 'जळणारे जळतात', 'स्वतः काय केलंस ते सांग'. तिला वाटत होतं आग पाण्याने विझते तशी ही विझेल. तिने जितक्यांना उत्तरं दिली तितके नवे जण विचारायला आले.

दुसऱ्या दिवशी बाळासोने स्वतःचा व्हिडिओ टाकला. घराच्या कट्ट्यावर बसलेला टकला माणूस, मागे बांधलेली म्हैस. त्याने चौकीवरचं त्या दिवसाचं सगळं सांगितलं, सोबतच्या दोघांची नावं सांगितली. शेवटी म्हणाला, "जयराज वाईट माणूस न्हवता. गाडी लय चांगली चालवायचा. हे असं का केलं, त्येलाच ठावं."

त्यानंतर जे सुटलं ते कुणाच्या हातात राहिलं नाही. साताऱ्याच्या अकॅडमीवाल्यांनी ते उचललं. जयराजचे जुने फोटो निघाले, गाडीच्या चाकाला साखळी बांधतानाचे, आणि खाली 'कमांडो सर चाकाशी लढताना' असं लिहिलेलं. त्याच्या रडण्याला ढोलकी लावली गेली. रेश्माने त्याला भिंतीपुढे उभं करून एक खुलासा करायला लावला. त्यात तो, "माजा हेतू वाईट न्हवता," असं तीनदा म्हणाला, आणि तेही ढोलकीवर वाजायला लागलं. मग एका सकाळी तिने भीतीने आख्खं पेजच पुसून टाकलं. फोनमधले मूळ व्हिडिओही काढून टाकले. तेव्हा लोक म्हणाले, पळाला.

माळावरची पोरं पांगली. काहींचे बाप येऊन तावातावाने बोलून गेले, काही पोरं न सांगताच यायची थांबली. फलक कुणीतरी दगड मारून फाडला. जयराज त्या फाटक्या फलकाखाली रोज सकाळी जाऊन उभा राहायचा, कुणी आलं नाही की तासाभराने परत यायचा.

हंबीरराव एका सकाळी कपाटातून आपली पदकं काढून ओट्यावर बसले. दर पंधरा ऑगस्टला ते ती लावून शाळेत झेंड्याला जात. चार दिवसांवर झेंडा होता. रेश्माला वाटलं पुसायला काढलीत. त्यांनी ती एका फडक्यात बांधली आणि तिच्या हातात दिली.

"ठिव कुटंतरी. मला सापडणार न्हाई अशा जाग्याला."

"आबा, तुमी काय केलंय? तुमची तर खरी हायती."

"आता कोन इचारतंय, पोरी, कुणाची खरी आन् कुणाची खोटी," ते म्हणाले. त्या वर्षी ते झेंड्याला गेले नाहीत.

म्हसवडला जायचं जयराजने ठरवलं. रेश्मा म्हणाली, "मी बी येते." तो नको म्हणाला नाही, ये असंही म्हणाला नाही. वाटेत दोघं एसटीत शेजारी बसले. दहिवडी सोडल्यावर ऊस संपला, माळ सुरू झाले. एका ठिकाणी मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता म्हणून गाडी थांबली. जयराजने खिडकीची काच खाली ओढली आणि डोळे मिटून घेतले.

घर गावाबाहेर होतं, पत्र्याचं. बिरदेवचा हार घातलेला फोटो दारासमोरच्या भिंतीवर. पल्लवीने त्यांना बघितलं आणि दारातच उभी राहिली.

"काय ऱ्हायलंय आता?"

"आईंला सांगायचं हाय," जयराज म्हणाला.

"सांगितलं त्या बाळासोनं. आख्ख्या म्हसवडानं सांगितलं. तीन दिस बर्फात एकटा हुता, हे नऊ वर्सांनी आत्तीला तुमच्यामुळं कळलं. आदी लगीच गेला हुता. मग तुमच्या मांडीवर गेला. आता एकटा गेला. किती बारी मारायचं त्याला?"

आतून हरणाबाई म्हणाली, "येऊ दे, पल्लवे."

ती भिंतीशी बसली होती. दोन महिन्यांत निम्मी झाली होती. जयराज तिच्यासमोर जमिनीवर बसला. हात जोडले नाहीत, रडला नाही. खाली बघून बोलत गेला.

"आई, मी तितं न्हवतो. मांडीवर डोकं न्हवतं. कोट घातला न्हाई. काय बी बोलला न्हाई त्यो माज्याशी. मी खोटं बोललो. पर त्याला खाली मी आनला. हवा खराब हुती, हेलिकॉप्टर येत न्हवतं. नऊ तास. पेटी मागं हुती. घाटात रस्ता उकरलेला हुता, पेटी हापटू नये म्हनून मी सबंध घाट पैल्या गेअरवर उतारलो. दोन जाग्यांला थांबून दोर आवळला. मागं दुसरं कोन न्हवतं, मी एकटाच. म्हनून बोलत आलो त्याच्यासंगं. तुमच्या सिद्धनाथाच्या रथाचं त्यो सांगायचा, त्येच त्याला परत सांगत आलो. म्हनलं, बिरदेवा, आता उतार संपला. आता सडक आली."

रेश्मा दाराशी उभी होती. लग्नाला तेरा वर्षं झाली होती. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. माळावर त्या रविवारी जयराजने बिरदेवचं नाव काढलं, तेव्हा तो ह्याच घाटाच्या गोष्टीकडे यायला निघाला असेल, आणि आपण त्याला मधेच अडवून भलतीकडे वळवलं, हे तिच्या ध्यानात आलं. त्याच्याजवळ गोष्ट होती. सगळं होतं. तिने विचारलंच नव्हतं.

हरणाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने दाराकडे, रेश्माकडे बोट केलं.

"हे बी हिच्या फोनात घालायलाच सांगतोस का रं?"

"न्हाई, आई. हे खरं हाय."

"त्ये बी खरंच म्हनला हुतास. गालाला हात लावून घेतलास माज्याकडनं." तिचा आवाज शांत होता. "मला आता काय बी कळत न्हाई, बाबा. जा तुमी."

जयराज उठला. पल्लवीने बाजूला होऊन वाट दिली. गावातल्या स्टँडवर परतीची गाडी दीड तासाने होती. तो दीड तास दोघांनी उन्हात उभं राहून काढला, कारण बाकावर बसलेल्या दोन माणसांनी त्याला ओळखलं होतं.

दिवाळीनंतर जयराज एका दूध संकलनाच्या टेम्पोवर लागला. पहाटे जायचा, दुपारी यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. रेश्माशी तो भांडला नाही. एकदा तरी त्याने भांडावं, तुझ्यामुळं झालं म्हणावं, म्हणून ती मुद्दाम मीठ जास्त घालून बघायची, विषय काढून बघायची. तो म्हणायचा, "तू सांगितलंस, मी बोललो," आणि संपलं. माळावरचे बीम गंजले. खड्ड्यात उन्हाळ्यापर्यंत पाला भरला.

मार्चच्या एका दुपारी रेश्माचा फोन वाजला. पल्लवी होती. रेश्माला वाटलं आता शिव्या येतील, आणि एका परीने तिला बरं वाटलं.

"तो पैला व्हिडिओ हाय का तुमच्याकडं?" पल्लवी म्हणाली. "मांडीवर डोकं हुतं म्हंत्यात, तो."

"का?"

"आत्तीला पायजे. हातरुणावर हाय ती. दोन म्हैनं झालं. तिला ठावं हाय खोटं हाय ते. तरी म्हंती, लाव. माज्याकडं हुता, मी रागानं काढून टाकला. आता म्हंती, त्येच ऐकायचं."

रेश्माने शोधला. तिच्या फोनमध्ये नव्हता, तिनेच पुसला होता. बाहेर जिथे तिथे सापडत होता तो ढोलकीवाला, गाढवाचे कान लावलेला, मधेच कुणाचं तरी हसू भरलेला. धड एक नव्हता. पंधरा मिनिटांनी तिने परत फोन केला. "न्हाई सापडत," म्हणाली.

पलीकडे थोडा वेळ कुजबुज झाली. मग पल्लवी म्हणाली, "मग त्यांना फोनवर सांगाय लावा. तसंच. कोट घातला, बाय म्हनला, तेवडं."

जयराज नुकताच टेम्पो लावून आला होता. हातपाय धुवून मोरीतून बाहेर येत होता. रेश्माने त्याला सांगितलं. त्याने पाणी निथळत्या हातांनीच फोन घेतला आणि कानाला लावला.

पलीकडून श्वास ऐकू येत होता, घरघरणारा. फोनचा आवाज इतका मोठा होता, की रेश्मालाही तो ऐकू येत होता.

"आई, मी जयराज," तो म्हणाला.

"सांग," हरणाबाई म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. त्याचे ओठ हलले. एकदा बर्फाचा 'ब' आला आणि तिथेच अडला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. वर्गात न येणारं उत्तर आठवणाऱ्या पोरासारखा तो छताकडे बघत राहिला. मग त्याने फोन रेश्माच्या हातात दिला आणि ओल्या पायांनी तो घराबाहेर पडला, उसातून, बांधाबांधाने, दिसेनासा झाला.

"सांग की रं, लेकरा," फोनमधून आवाज आला.

रेश्माने फोन कानाला लावला. तिला सगळं तोंडपाठ होतं. प्रत्येक वाक्य तिनेच कापलं होतं, तिनेच जोडलं होतं.

"सांग की."

तिने सांगितलं नाही आणि फोनही ठेवला नाही. पलीकडचा श्वास ऐकत ती मोरीच्या दाराशी खाली बसली.